चाळिशी लागल्यावर हातात काय घ्यावं

मराठीत चाळिशी दोनदा लागते. एकदा वयाला, एकदा डोळ्यांना. डोळ्यांचं सोपं असतं. सातबारा हातभर लांब धरून वाचायची वेळ आली की माणूस तालुक्याला जातो आणि नंबर काढून येतो. वयाला लागलेल्या चाळिशीचा नंबर कुठं काढून मिळत नाही. पोरगी नीटच्या तयारीला लातूरला गेलेली असते आणि डबा, शिकवणी, पुन्हा डबा या घड्याळावर चालणारं घर सकाळी दहालाच ओस पडतं. शाळेत, बँकेत किंवा एसटीच्या आगारात नोकरी असेल तर रिटायर व्हायला अजून दहा वर्षं असतात, पण त्या दहा वर्षांत काय होणार ते पाठ झालेलं असतं. शेतकऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. बाप पंच्याहत्तरीचा, पोरगा पुण्याला, आणि 'हे सगळं कुणासाठी?' हा प्रश्न नेमका तुरीवर दुसरी फवारणी चालू असताना पडतो.

याला 'मिडलाइफ क्रायसिस' हे नाव इलियट जॅक्स या मानसतज्ज्ञाने १९६५ साली दिलं. नाव गाजलं, उपाय त्यातून फारसा निघाला नाही. त्याआधीच एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने या वयाबद्दल कामाची गोष्ट सांगून ठेवली होती. साधारण चाळीस ते पासष्टच्या दरम्यान माणसाची खरी ओढाताण एकच असते: पुढच्यांसाठी काही उभं करायचं, की स्वतःभोवती साचून राहायचं. आपल्याकडच्या बायाबापड्यांना हे सिद्धांताशिवाय ठाऊक आहे. 'हाताला काम नाही' असं आपण म्हणतो तेव्हा दर वेळी रोजगाराबद्दल बोलत नसतो.

'ध्येय शोधा' हा सल्ला मला पटत नाही. शोधायला ते शेतात पुरलेलं गुप्तधन नाही. डोळे मिटून बसल्याने या वयात आणखी चार चिंता सापडतात, तेवढंच. त्यापेक्षा आपल्याकडे काय आहे जे पंचविशीच्या पोराकडे नाही आणि पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याकडेही नाही, ते बघावं. आज पंचेचाळीस-पन्नाशीत असलेल्या मराठवाड्यातल्या माणसाने आडातून पोहऱ्याने पाणी शेंदलेलं आहे आणि ई-पीक पाहणीचं ॲपही भरलेलं आहे. किल्लारीचा भूकंप त्याला शाळकरी वयातला आठवतो आणि २०१६ ची लातूरला आलेली पाण्याची रेल्वे कर्त्या वयातली. आईला जात्यावर गाताना ऐकलेली ही शेवटची पिढी. दोन्ही टोकं ठाऊक असलेला हा सांधा आहे, आणि सांध्याची कामं सांध्यालाच जमतात.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट उरकून घ्यावी: रक्त तपासणी. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी. अंगात बी-१२ कमी असेल किंवा थायरॉइड मंदावला असेल तर माणसाला कशातच रस वाटत नाही, आणि तो बिचारा आयुष्याचा अर्थ शोधत बसतो. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याचा काळ याच वयात येतो. झोप उडते, अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते. त्याला 'डोक्यात घेतलंय' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला सांगा. आणि सलग दोन आठवडे रोज, दिवसातला बराचसा वेळ मन खचलेलं राहत असेल, जेवणाझोपेची घडी विस्कटली असेल, जगणं नको वाटत असेल, तर पुढे सांगतो ती वही आणि कामं बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी काम शोधण्याचा सल्ला उपयोगाचा नाही, आधी इलाज.

आता वही. दोनशे पानी, साधी. पहिले दोन आठवडे त्यात फक्त दोन रकाने भरायचे. डावीकडे वेळ कुठं गेला ते, अर्ध्या अर्ध्या तासाने, रात्री झोपताना आठवून. उजवीकडे कोण काय विचारायला आलं ते. डावा रकाना वाचून लाज वाटेल. मोबाइलचे तास कुणालाच आवडत नाहीत. पण खरा माल उजवीकडे असतो. कुणी फॉर्म भरून घ्यायला येतं, कुणी बैल दाखवायला, कुणी ब्लाऊजचं माप विचारायला, भावकीच्या भांडणात कुणी मध्ये घालतं. पंधरा दिवसांत एकाच प्रकारची विचारणा तीन-चारदा आली असेल तर गावाने तुमचा नंबर आधीच काढून ठेवला आहे. काही आलंच नसेल तरी घाबरू नका. शहरात आणि नोकरीच्या गावी बदलीवर आलेल्यांकडे बहुधा कुणी येत नाही, त्यांनी सरळ पुढच्या भागाकडे यावं.

काम निवडताना माझ्या चार अटी आहेत. पायी किंवा मोटारसायकलवर अर्ध्या तासात पोचता आलं पाहिजे. ठरलेल्या वाराला किंवा तारखेला करायचं असलं पाहिजे, 'जमेल तसं' नको. चुकवलं तर निदान एका माणसाला ते कळलं पाहिजे. आणि सुरू करायला कुठल्या कचेरीचा शिक्का लागता कामा नये. आठवड्याला चार तास धरा. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी सुरू केलं तर अठ्ठावन्नला, म्हणजे राज्य सरकारी नोकर रिटायर होतो त्या वयाला, वर्षाचे पन्नास आठवडे धरून २,००० तास होतात. तेवढ्या तासांत गावातलं एखादं काम तुमच्या नावाने ओळखलं जायला लागतं.

एक काम नीट उलगडून दाखवतो, कारण ते आपल्या भागाला सगळ्यात जास्त लागू पडतं आणि करणारे फार थोडे आहेत. गावातल्या पाच विहिरींची पाणीपातळी महिन्यातून दोनदा मोजायची आणि पारावर लावलेल्या फळ्यावर लिहायची.

सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पण त्या निवडक विहिरी असतात, तुमच्या शिवारातली त्यात असेलच असं नाही. आपल्याकडे खाली काळा बसाल्ट. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. त्यामुळे ओढ्याकाठची विहीर काठोकाठ आणि दोन वावरं वर माथ्यावरची कोरडी, हे चित्र एकाच गावात दिसतं. म्हणून पाच विहिरी निवडताना एक माथ्याची, दोन मधल्या, दोन ओढ्याकडच्या घ्या. शक्यतो एखादी अशी असू द्या की जिच्यावर मोटार नाही, तिचा आकडा सगळ्यात खरा. मालकाला आधी विचारा. विहिरीला किती पाणी आहे ही गोष्ट गावात झाकून ठेवायची असते. शेजाऱ्याचा बोअर, भावाचा वाटा, सगळं त्याला चिकटलेलं. म्हणून फळ्यावर नाव नको, एक ते पाच नंबर पुरेत.

सामान: तीस मीटरचा फायबरचा टेप (हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, स्टीलचा घेऊ नका, गंजतो), टोकाला बांधायला मूठभर वजनाचा लोखंडी नट, खडू, आणि लाल ऑइलपेंटची लहान डबी. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एका जागी लाल खूण करायची आणि दर वेळी तिथूनच मोजायचं. कठडा कुठंच सपाट नसतो, जागा बदलली की अर्ध्या फुटाचा फरक सहज पडतो. मग टेपच्या खालच्या मीटरभर भागाला कोरडा खडू घासायचा आणि टेप सावकाश सोडायचा. नट पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आणखी थोडा सोडून कठड्यावर पूर्ण आकडा धरायचा. समजा तिथं ९.०० मीटर आले. टेप वर घ्या, खडू कुठपर्यंत भिजला ते बघा. ०.३५ वर ओल असेल तर पाणी कठड्यापासून ८.६५ मीटरवर आहे. कठड्याची उंची ०.८० असेल तर जमिनीपासून ७.८५. हा आकडा वहीत. खडूच्या पद्धतीत नटाची लांबी मोजायची भानगड राहत नाही आणि 'टेकला की नाही' हा वादही राहत नाही.

यात चुकतं ते बहुतेक वेळा मोटारीमुळे. बऱ्याच ठिकाणी शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सहाला जाऊन मोजलं तर रात्रभर उपसलेली विहीर मोजली जाते. कातळातली विहीर पुन्हा भरायला वेळ घेते. मग फळ्यावर पाणी अचानक दोन मीटर खाली गेलेलं दिसतं आणि लोक तुम्हालाच वेड्यात काढतात. निदान आठ तास मोटार बंद असताना मोजा, आणि नसेलच जमलं तर आकड्यापुढे 'मो.' लिहा. खोटा आकडा टाकू नका, मागच्या वेळचा आकडा अंदाजाने पुढे ओढू नका. रिकामी जागा चालते.

बिनकठड्याच्या विहिरीवर एकट्याने जायचं नाही. पावसाळ्यात जुन्या विहिरीची कड आतून पोकळ झालेली असते, वरून गवतामुळे कळत नाही. अशी विहीर यादीतूनच काढा. शाळेतली पोरं सोबत नेण्याचा मोह होतो. पोरांना फळा लिहू द्या, काठावर नको.

पाच विहिरींना चालण्यासकट दोन-अडीच तास लागतात. वर्षाला १२० आकडे. पहिल्या वर्षी ते बिनकामाचे वाटतात, आणि सोडून देणारे बहुतेक इथंच सोडतात. आकड्याला अर्थ येतो तो मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशेजारी ठेवल्यावर. म्हणून ऑक्टोबरपासून सुरू करा, दिवाळीच्या आधी, म्हणजे दुसऱ्या ऑक्टोबरात, रब्बीचं ठरवायच्या ऐन वेळी, तुमच्याकडे दोन रकाने असतील. मागचा लाल, यंदाचा पांढरा.

रब्बीत त्याचं करायचं काय, तेही गणितानेच बघू. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. एका एकराला सहा सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला लागतात सुमारे २ लाख ४० हजार लिटर. म्हणजे साडेआठ मीटर भरलेली विहीर एका एकराच्या एकाच पाण्यात संपते! डोळ्यांना विहीर भरलेली दिसते आणि माणूस गहू पेरून बसतो. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, हरभऱ्याचं दोनावर भागतं. विहिरीतला साठा हा भरवशाचा नाही, भरवसा आवकेचा. ती मोजणंही सोपं आहे. मोटार बंद झाली की एकदा मोजा, बारा तासांनी पुन्हा. दीड मीटर चढलं तर बारा तासांत ४२ हजार लिटर आले. त्या हिशेबाने एकराच्या एका पाण्याला जवळपास तीन दिवसांची आवक लागते, आणि फेब्रुवारीत ती आणखी मंदावणार. हे गणित पारावर एकदा खडूने मांडून दाखवलं तर त्याचा परिणाम दहा भाषणांपेक्षा जास्त होतो. मात्र 'गहू पेरू नका' असं सांगायला जाऊ नका. आकडा लिहा आणि घरी या. सल्ला द्यायला लागलात की तुमच्या फळ्याकडे लोक पाठ फिरवतील.

याच वहीत पाऊसही बसतो. पर्जन्यमापक उघड्यावर, भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर लावायचा, आणि रोज सकाळी साडेआठला वाचायचा. अतिवृष्टीची मदत महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या हिशेबावर अडते, आणि मंडळाचं यंत्र तुमच्या गावापासून कैक किलोमीटर लांब असतं. तुमचा आकडा सरकारी कागद होत नाही, पण अर्जाला जोडायला, पंचनाम्याची मागणी करायला तो हाताशी असलेला बरा. सरळ उभ्या भिंतीच्या बाटलीत, तोंड आणि बूड एकाच मापाचं असेल तर, पट्टीने मोजलेली पाण्याची उंची म्हणजेच मिलिमीटर. तोंड निमुळतं असलं की सगळं चुकतं.

ज्यांना रानात हिंडणं जमत नाही त्यांच्यासाठी दुसरं काम: जात्यावरच्या ओव्या. जनाबाईच्या गंगाखेडचा आपला मुलूख. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या कामातून महाराष्ट्रातल्या लाखावर ओव्या गोळा झाल्या, तरी तुमच्या गल्लीतल्या सत्तरीपुढच्या आजीच्या कुणी टिपल्या असतील असं नाही. इथं एक खुबी आहे. म्हातारीला खाटेवर बसवून 'म्हणा ओवी' म्हटलं तर तिला दोन आठवतात. मूठभर ज्वारी घालून जात्यापुढे बसवा, खुंटा हातात द्या, म्हणजे हाताबरोबर शब्द येतात. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी कॉल येतो. तो जमिनीवर ठेवू नका, जात्याची घरघर आवाज खाऊन टाकते. हातभर अंतरावर उशीवर ठेवा. प्रत्येक ओवी एकदा गाऊन आणि एकदा नुसती बोलून घ्या, कारण गाताना शब्द ताणले जातात आणि नंतर लिहिताना घोळ होतो. नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव, कुणाकडून ऐकली, एवढं लिहा. पंचवीस मिनिटांच्या पुढे नको, आजीचा खांदा दुखतो. आणि घरी निघण्याआधी तिचाच आवाज तिला ऐकवा. पुढच्या मंगळवारी ती आपण होऊन जातं पुसून ठेवते की नाही बघा.

गावच्या 'ड' वर्ग वाचनालयाचं कपाट आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडून बसणं हेही चांगलं काम, किल्ली मिळाली तर. बारवेची सफाई मात्र पहिलं काम म्हणून घेऊ नये. सेलूजवळच्या वालूरची चक्राकार बारव बघून कुणालाही हुरूप येतो, पण त्याला माणसं लागतात, गाळ टाकायला जागा लागते, आणि कुणीतरी उत्साहात जेसीबी आणला की कोरीव दगड गेलेच. संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हातही लावता येत नाही.

बिघडतं कसं तेही सांगून ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, 'संस्था काढा'. काढू नका. १८६० च्या कायद्याखाली नोंदणीला निदान सात माणसं लागतात, १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली दर वर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. मोजायचं राहतं बाजूला, माणूस धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या मोजत बसतो. दोन हजारांच्या सामानाला पावतीपुस्तक लागत नाही. दुसरं, व्हॉट्सॲप ग्रुप. त्यावर फक्त फळ्याचा फोटो, तोही पंधरा दिवसांनी एकदा. शुभ सकाळ सुरू झाली की ग्रुप मेला. तिसरं, सत्कार. शाल-श्रीफळ घेतलं की पुढच्या पंचायत निवडणुकीत तुम्ही कुणाचे हा प्रश्न उभा राहतो, आणि निवडणूक लांब असली तरी लोकांना तो आधीच पडलेला असतो. 'बारा महिने होऊ द्या' म्हणून टाळा.

घरचं सगळ्यात अवघड. नवऱ्याने रविवारी सकाळी टेप घेऊन निघायचं आणि बायकोने नेहमीसारखा स्वयंपाक, पाहुणे, सासू-सासरे सगळं बघायचं, याला गावाची सेवा म्हणायचं का? तिचे चार तास कुठले ते आधी ठरवा, वार लिहून, आणि त्या वेळात चुलीचं तुम्ही बघा. हे ठरवलं नाही तर तीन महिन्यांत काम बंद पडतं, आणि ते बरोबरच पडतं.

पंचांगाशीही जुळवून घ्यावं लागतं. पेरणीच्या धांदलीत, ऐन लग्नसराईत, हरिनाम सप्त्यात चार तास निघत नाहीत. ऊसतोडीला घरं गेली की बीडकडच्या कितीतरी वस्त्यांत दिवाळीनंतर माणूस भेटत नाही. अशा आठवड्यांत काम एक तासावर आणा, शून्यावर नको. पाचपैकी एकच विहीर मोजा. उलटा धोकाही आहे: नव्या नवलाईत चाराचे चौदा तास होतात, मग दुकान उघडायला उशीर, मग घरात कुरबुर. चार म्हणजे चार.

ठरलेले बारा दिवस होऊन गेले की वही काढून एवढंच बघा: किती वेळा ठरल्या दिवशी गेलात, आणि न गेलात तेव्हा कुणी विचारलं का. बारापैकी आठ-नऊ वेळा गेलात आणि एकाने तरी 'या वेळी फळा का नाही लिहिला?' म्हटलं, तर काम तुमचं आहे. नऊ वेळा गेलात आणि कुणीच विचारलं नाही, तर फळ्याची जागा बदला. पाराऐवजी पिठाच्या गिरणीपुढे लावा, तिथं माणूस दहा मिनिटं उभा असतो. आणि चारच वेळा गेला असाल तर स्वतःला दोष देण्याआधी वार बदलून बघा. वार बदलूनही जमलं नाही तर दुसरं काम घ्या, तोटा काही नाही, टेप घरी उपयोगी पडतो.

पहिल्या पानावर पाचही विहिरींच्या कठड्यांची उंची, लाल खूण कुठल्या बाजूला आहे ते, आणि मोजणीची तारीख लिहून ठेवा. पुढे कधी मालक कठडा वाढवून बांधतो, आकडा एकदम खाली उतरतो, आणि जुनी उंची लिहिलेली नसली तर मागचा सगळा हिशेब पुढच्या माणसाला लावता येत नाही.